पाचगणीचा पोरगा आणि मिरजेचा सा

साताऱ्यात ‘माझा बँड आहे’ असं कोणाला सांगायची सोय नाही. ऐकणारा लगेच विचारतो, ‘वरातीचं काय घेता?’ त्यानं समाधान झालं नाही तर, ‘घोडा तुमचा की बाहेरचा?’ प्रश्न चेष्टेचा नसतो. भाचीचं लग्न ठरलेलं असतं आणि तारीख जवळ आलेली असते. आमचा बँड वरातीचा नव्हे, रॉकचा, असं सांगितलं की समोरचा ‘बरं बरं’ म्हणून निघतो, चार पावलं जातो आणि मागं वळून विचारतो, ‘पण बेंजो असतो ना?’

अशा बँडमधला एक गायक डोळ्यांसमोर आणावा. नाव द्यायचं कारण नाही. हा एकच एक नाही, गावोगावी आहे. राहायला शाहूपुरीत, शिकायला कराडात, तालीम मित्राच्या रिकाम्या पडलेल्या पोल्ट्री शेडमध्ये. कोंबड्या गेल्या, वास राहिला, आणि पत्र्यामुळे आवाज असा घुमतो की महागड्या स्टुडिओत घुमणार नाही. काळा टी-शर्ट, केस मानेपर्यंत, आणि गळ्यात तीन गाण्यांचा दम. चौथ्या गाण्याला घशातून जे बाहेर पडतं त्याला तो ‘ग्रिट’ म्हणतो. आई त्याला सर्दी म्हणते आणि ज्येष्ठमध चघळायला देते.

तर या मुलाच्या डोक्यात कुठून तरी शिरलं की परदेशातले रॉकवाले आवाज टिकावा म्हणून ऑपेराचं शिक्षण घेतात, आणि आपणही घ्यावं. घरात बैठक बसली. वडिलांना ऑपेरा म्हणजे ऑपेरा हाउस एवढंच ठाऊक. ‘चर्नी रोडला उतरायचं, पुलावरून गेलं की समोरच. तिथं पिक्चर बघितलाय मी.’ आईनं विचारलं, फी किती. काकांनी विचारलं, पुढं नोकरीला धरतात का. आणि फोनवर सांगलीची आत्या होती. ती शांतपणे म्हणाली, ‘ऑपेरा? तो आमच्याकडं १८४३ पासून आहे.’

सांगलीकरांची ही एक सवय आहे. कुठलीही गोष्ट काढा, ती सांगलीत आधी होऊन गेलेली असते. पण आत्याचं म्हणणं जरा बाजूला ठेवू, कारण या प्रश्नाचं एक उत्तर खुद्द सातारा जिल्ह्यात, पोराच्या घरापासून पन्नासएक किलोमीटरवर पडलेलं आहे, आणि बैठकीतल्या कोणाला त्याचा पत्ता नव्हता.

झांजिबारमध्ये १९४६ साली जन्मलेला फारुख बलसारा हा पारशी मुलगा आठेक वर्षांचा असताना आईवडिलांनी बोटीत बसवून पाचगणीला सेंट पीटर्स शाळेत धाडला. शाळेच्या मुख्याध्यापकांना मुलाच्या बोटांत काहीतरी दिसलं. त्यांनी घरी पत्र लिहून पियानोची शिकवणी सुचवली. पोरगा चौथ्या ग्रेडपर्यंत पोचला. शाळेच्या समूहगानातही होता. बारा वर्षांचा असताना मित्रांबरोबर त्यानं ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. त्यात मुख्य गायक दुसराच मुलगा होता. आपले साहेब पियानोवर. पुढं हा मुलगा झांजिबारला परतला, तिथं १९६४ साली क्रांती झाली म्हणून कुटुंब इंग्लंडला गेलं, आणि तिथं त्यानं फ्रेडी मर्क्युरी हे नाव घेतलं. पाचगणीच्या टेबललँडवर घोडे फिरवणाऱ्याला आज विचारलं तर तो शूटिंग झालेल्या पिक्चरांची यादी धडाधड सांगेल. फ्रेडीचं नाव निघालं तर म्हणेल, ‘कुठला सीझन?’

रॉक गायकानं ऑपेराकडं जावं की नाही, या वादात जगभर पहिला दाखला याच पाचगणीच्या पोराचा देतात. गंमत अशी की त्यानं गळ्याचं असं पद्धतशीर शिक्षण कधी घेतलंच नाही. १९७५ साली ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ आलं. पाच मिनिटं पंचावन्न सेकंदांचं गाणं, त्याच्या मध्यात अख्खा ऑपेराचा तुकडा. ऐकताना वाटतं, पन्नासजणांचा ताफा मागं उभा आहे. प्रत्यक्षात बँडमधले तिघेजण. तेच ते तिघे टेपवर पुन्हा पुन्हा आवाज चढवत बसले, असे १८० च्या आसपास थर झाले, आणि टेप इतकी झिजली की म्हणे तिच्यातून पलीकडचं दिसायला लागलं. त्यात सगळ्यात वरचा, काचेला तडा जाईल असा सूर फ्रेडीचा नाही. तो ड्रम वाजवणाऱ्या रॉजर टेलरचा. वरातीच्या भाषेत सांगायचं तर ढोलवाल्यानं बाजी मारली.

मग १९८७. फ्रेडी चाळिशीला पोचलेला. मॉन्सेरा काबाये या स्पॅनिश ऑपेरा-गायिकेचा तो वेडा भक्त. बार्सिलोनाच्या रिट्झ हॉटेलात दोघांची भेट झाली आणि त्यातून ‘बार्सिलोना’ हे गाणं, पुढच्या वर्षी त्याच नावाचा अल्बम. इथं नीट पाहण्यासारखं आहे. ऑपेराचा इतका सोस असलेल्या माणसानं ऑपेरा शिकून तो गायला असं केलं नाही. त्यानं ऑपेरा गाणारी बाई शेजारी उभी केली आणि आपण आपल्याच गळ्यानं गायला. बाईंच्या आग्रहामुळे एका गाण्यात मात्र तो खाली, आपल्या नैसर्गिक जाड पट्टीत उतरला.

तो नैसर्गिक आवाज कसला होता, हे २०१६ साली युरोपातल्या संशोधकांनी मोजून काढलं. मुलाखतींच्या टेप तपासल्या तेव्हा कळलं की बोलताना फ्रेडीचा सूर सरासरी ११७ हर्ट्झच्या आसपास असे. आपल्या पेटीवर हे पाहायचं तर खालच्या सप्तकातली काळी पाच. म्हणजे बोलायला बसला की एखाद्या बुवांना शोभेल असा खर्ज, आणि गायला उठला की थेट छतावर. त्याचा कंप सेकंदाला सात आंदोलनांच्या जवळ जाणारा, शिकलेल्या ऑपेरावाल्यांपेक्षा जलद. आणि ती घरघर? खऱ्या स्वरतंतूंच्या वर आणखी एक मांसल जोडी असते, तीही तो थरथरवत असावा असा त्यांचा निष्कर्ष. ऑपेराचा कोणताही शिक्षक पहिल्याच तासाला हे बंद करायला सांगेल. बंद केलं असतं तर उरलं असतं काय? पियानोची चौथी ग्रेड.

पण नाण्याला मागची बाजूही आहे. फ्रेडीच्या स्वरतंतूंवर गाठी झाल्या होत्या. त्यानं शस्त्रक्रिया करून घेतली नाही, दौऱ्यांमध्ये घसा दगा देई, कार्यक्रम रद्द करावे लागत. शाहूपुरीतल्या पोराच्या चौथ्या गाण्याशी हे प्रकरण बरंच जुळतं. फरक एवढाच की तिकडं स्टेडियमं रद्द होत होती, इकडं पोल्ट्री शेड.

पाचगणीहून खाली यायला पसरणीचा घाट आहे. तो उतरताना आवाजाच्या अभ्यासकाला गाडी दोनदा थांबवावी लागेल. पायथ्याशी पसरणी, शाहीर साबळ्यांचं गाव. जन्म १९२३ चा. शाहिराचा आवाज म्हणजे मैदानात मागच्या रांगेपर्यंत जायला हवा, आणि तो जाई. पुढं वाई. इथं लावणीच्या यमुनाबाई वाईकर. १०२ वर्षं जगल्या, २०१२ साली पद्मश्री मिळाली, आणि दिल्लीत त्यांच्या लावणीवर बिरजू महाराज नाचले, ही गोष्ट वाईत अजून सांगतात. १९५८ च्या सुमारास घाटाच्या वर शाळेची पोरं क्लिफ रिचर्ड वाजवत होती आणि घाटाच्या खाली ढोलकी घुमत होती. मध्ये बारा किलोमीटर वळणं. एकमेकांना ऐकलं असेल असं मानायला काही आधार नाही. एसटीत शेजारी बसले असते तरी एकानं खिडकीबाहेर पाहिलं असतं आणि दुसरीनं पान लावलं असतं. पण तिघांनाही एकच हिशेब सोडवायचा होता: एवढ्या माणसांपर्यंत एक गळा कसा पोचवायचा?

ऑपेरा हेही मुळात याच अडचणीवरचं उत्तर आहे. समोर साठ-सत्तर वादक, मायक्रोफोन नाही, आणि शेवटच्या गॅलरीत तिकीट काढून बसलेल्याला शब्द ऐकू आला पाहिजे. ओरडून हे होत नाही. वाद्यवृंदाचा जोर साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास जास्त असतो आणि वर वर जाताना तो ओसरतो. शिकलेला गायक स्वरयंत्र थोडं खाली ठेवून, घशाची पोकळी अशी काही आकारतो की आवाजातली ३००० हर्ट्झच्या आसपासची झळाळी वाढते. तिथं वाद्यांची गर्दी कमी, म्हणून एकटा माणूस सगळ्यांच्या डोक्यावरून निघून जातो. स्वीडनच्या योहान सुंडबर्ग यांनी हे गणित मांडलं. भर बाजारात पेठेच्या या टोकाहून त्या टोकाला हाक मारणारी भाजीवाली हे गणित न मांडता करते.

आता रॉकवाल्याला यातलं काय हवं? त्याच्या ओठाला माइक चिकटलेला आहे. गॅलरीपर्यंत पोचवायचं काम डॉल्बीच्या भिंतीनं पत्करलंय. सातारा-सांगलीत गणपतीत ज्याला डॉल्बी म्हणतात त्याचा आणि त्या नावाच्या कंपनीचा संबंध असेलच असं नाही, पण छातीत धडधड होते हे खरं. म्हणजे ऑपेरानं जी अवघड विद्या शेकडो वर्षं घासून तयार केली, तिचा अर्धा भाग याच्यासाठी एका प्लगात मावतो. उरला अर्धा: श्वास कसा धरायचा, कसा सोडायचा, आणि घसा न फाडता दोन तास कसं उभं राहायचं. या अर्ध्यासाठी शिकावं. पहिल्या अर्ध्याच्या मोहात पडलं की पॉपवाल्या मायकेल बोल्टनसारखं होतं. त्यानं १९९८ साली ऑपेरातल्या पदांचा एक अख्खा अल्बम काढला. तो ऐकून माणूस दुसऱ्या खोलीत जाऊन बसतो. त्याच वर्षी ग्रॅमीच्या सोहळ्यात ऑपेरावाले पावारोत्ती ऐनवेळी आजारी पडले आणि त्यांच्या जागी, त्यांच्याच पट्टीत, अरेथा फ्रँकलिन गायली. ती ऑपेराची नव्हती, चर्चमध्ये घडलेली होती. तिनं ऑपेराची नक्कल केली नाही. आपलंच गाणं गायल्यासारखी गायली आणि सभागृह उभं राहिलं. उलट्या दिशेनं पॅट बेनेटार: तरुणपणी ऑपेरासाठी गळा तयार केला आणि रॉककडं निघून गेली.

इथं आत्याला पुन्हा फोनवर घ्यावं लागेल.

सांगलीच्या संस्थानात चिंतामणराव पटवर्धनांच्या दरबारी विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं ते १८४३ साली. सूत्रधार गाई, पात्रं ऐनवेळी सुचेल ते बोलत. त्याला ऑपेरा म्हणणं हा आत्याचा अभिमान झाला. पण १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पारशी कंपनीचं ‘इंद्रसभा’ पुण्यात पाहिलं, त्याच वर्षी ‘शाकुंतल’ उभं केलं आणि पात्रंच गाऊ लागली, तेव्हापासून तरी तिचं म्हणणं फारसं चुकीचं नाही. आणि वडिलांना चर्नी रोडचा जो पत्ता ठाऊक आहे, त्या रॉयल ऑपेरा हाउसच्या रंगमंचावर बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ गाऊन गेलेत. २०१६ साली ते थिएटर पुन्हा उघडलं तेव्हा मात्र पॅट्रिशिया रोझारियो यांनी खराखुरा ऑपेरा गायला. म्हणजे नाव पुन्हा सार्थ झालं.

या संगीत नाटकवाल्यांपुढं शाहूपुरीचाच प्रश्न होता. पोरगा गोड गळ्याचा म्हणून कंपनीत घ्यायचे, तो गाऊन टाळ्या मिळवायचा, आणि चौदा-पंधराव्या वर्षी आवाज फुटला की संपलं. भास्करबुवा बखल्यांचं तसंच झालं. किर्लोस्कर मंडळीत हा मुलगा गाजत होता. आवाज फुटला आणि भाव उतरला. दुसरा कोणी असता तर पडदे ओढायच्या कामाला लागला असता. हे बडोद्याला फैज महंमद खाँकडं गेले, पुढं नत्थन खाँकडं, पुढं अल्लादिया खाँकडं. तीन घराणी पचवून परत आले ते नट म्हणून नव्हे, बुवा म्हणून. आणि १९१६ साली ‘स्वयंवर’च्या चाली देऊन त्यांनी बालगंधर्वांच्या गळ्यात ती तालीम अशी उतरवली की प्रेक्षकाला रागाचं नाव माहीत नसलं तरी वन्समोअर कुठं द्यायचा ते कळे. हे बालगंधर्व आत्याच्या जिल्ह्यातलेच, नागठाण्याचे. आणि नायिका म्हणून पहिल्यांदा उभे राहिले ते १९०५ साली मिरजेत. आत्या हे सांगताना दर वेळी ‘मिरजेत’वर थोडं थांबते, कारण मिरज आणि सांगली हे एकच शहर आहे की दोन, याबद्दल तिच्या घरात एकमत नाही.

केशवराव भोसल्यांची तऱ्हा वेगळी. कोल्हापूरचा पोरगा, आवाज टिपेचा, पल्लेदार. त्याला वझेबुवांची तालीम मिळाली. केशवराव बालगंधर्व झाले नाहीत, आणखी केशवराव झाले. १९२१ च्या जुलैत ‘संयुक्त मानापमान’मध्ये दोघे समोरासमोर आले: एकाचा धैर्यधर, दुसऱ्याची भामिनी. टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या त्या प्रयोगावर लोक आजही जणू काल रात्री प्रयोग पाहून घरी आल्यासारखे भांडतात. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले, एकतिशीत. विषमज्वरानं नेलं, गळा शेवटपर्यंत शाबूत होता.

तेव्हा शाहूपुरीच्या पोरापुढं दोन वाटा दिसतात. भास्करबुवांची, म्हणजे शिकायला जो गेला तो परत आलाच नाही, दुसराच कोणी आला. आणि केशवरावांची: शिकून जे होतं तेच पक्कं झालं. कुठल्या वाटेला पाय पडतोय हे पहिल्या दोन वर्षांत कळत नाही, आणि पोरगा तर दोन महिन्यांत कॉलेजच्या गॅदरिंगला तयार व्हायचं म्हणतोय.

आत्यानं बोलावणं धाडलं. पोरगा एसटीनं कराड, पेठनाका, आष्टा करत सांगलीत उतरला. भडंगाचं ताट पुढं आलं, वर कच्चा कांदा. ‘खा. तिखट आज खा, उद्यापासून बंद,’ आत्या म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला मिरजेला घेऊन गेली.

मिरजेत गळ्याच्या बाबतीत एक विलक्षण योग जुळून आलाय. शेजारच्या बेडगचे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ख्याल शिकायला पायी ग्वाल्हेरकडं गेले आणि ती गायकी इकडं घेऊन आले. त्यांच्याकडं मिरजेत विष्णू दिगंबर पलुसकर वर्षानुवर्षं घासत बसले. त्यातून १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय निघालं. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, १९३७ साली गेले तेव्हा इथंच दर्ग्याच्या आवारात विसावले, आणि दर वर्षी त्यांच्या नावानं तिथं रात्ररात्र गाणं होतं. एवढा मोठा खाँसाहेब, पण मराठी नाट्यपदांच्या ध्वनिमुद्रिका द्यायला त्यांना कमीपणा वाटला नाही. ऑपेरावाल्यानं रॉक गायल्याचं याहून जवळचं उदाहरण मिरज जंक्शनच्या पंचक्रोशीत मिळणार नाही. आणि मिरजेचेच, १९०१ साली जन्मलेले, बी. आर. देवधर. पलुसकरांचे शिष्य, कुमार गंधर्वांचे गुरू. यांनी तर एका इटालियन शिक्षकाकडं पाश्चात्त्य संगीत शिकून घेतलं, आवाज कसा निर्माण होतो याचा ध्यास घेतला आणि ‘आवाज साधना शास्त्र’ हे पुस्तकच लिहिलं. आपले गायक घसा आवळून, तोंड वाकडं करून का गातात, हा त्यांना छळणारा प्रश्न होता. त्यांची संगीत शाळा मुंबईत कुठं होती? ऑपेरा हाउसपाशी. योगायोग म्हणून सोडून द्यावं, तर आत्या सोडत नाही.

पोराला मात्र हे सगळं पाटीवरच्या नावांसारखं डोक्यावरून गेलं. तो अडकला तो सतारमेकर गल्लीत. इथं दीडशेहून अधिक वर्षं तंबोरे आणि सतारी होतात. मूळचं घराणं शिकलगारांचं, हत्यारांना धार लावणारं. तलवारी मागं पडल्या तशी फरीदसाहेबांनी वाद्यं घडवायला घेतली. भोपळे पंढरपूरकडून येतात, वाळून खणखणीत झालेले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. ओट्यावर बसलेला कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवत होता. दोनदा घासायचं, तार छेडायची, कान लावायचा, परत घासायचं. ‘काय करताय?’ पोरानं विचारलं. ‘जवारी काढतोय.’ मग तारेखाली बारीक दोरा सरकवला आणि एकाच तारेतून दहा सूर एकदम उठल्यासारखा झणकार झाला.

पोराचे डोळे विस्फारले. त्याच्या गिटारीला जोडलेली एक डबी आहे, पायानं दाबायची. दाबली की साध्या सुराच्या चिंध्या होऊन त्यातून वरचे सूर उसळतात. तिला तो डिस्टॉर्शन म्हणतो आणि तिच्यासाठी त्यानं आजीकडून पैसे उकळलेत. तेच काम इथं कानस आणि दोरा करत होते. तत्त्व जवळचं आहे: स्वच्छ सुरात वरच्या स्वरांशांची भर घालायची. फरक चवीचा. तंबोऱ्यातून निघतं त्यावर माणूस डोळे मिटतो, डबीतून निघतं त्यावर शेजारी खिडक्या.

त्यानंतर आत्यानं त्याला शेजारच्याच बोळात एका बुवांकडं नेलं. बुवांनी ना रॉक म्हणजे काय विचारलं, ना ऑपेरा. म्हणाले, ‘सा लाव.’ पोरानं लावला. स्टेजवर लावतात तसा लावला. बुवा थोडा वेळ थांबून म्हणाले, ‘हा कोणाचा?’

पोराला प्रश्न कळला नाही.

‘आवाज कोणाचा आहे हा? तुझा नाही. बोलतोस तिथं लाव.’ मग पेटीवर एक एक पट्टी खाली येत काळी एकपर्यंत आले आणि म्हणाले, आता रोज पहाटे इथून खाली. वर जायचं नाही. किती दिवस? बुवांनी आत्याकडं पाहिलं, आत्यानं बुवांकडं, आणि दोघं असे हसले की पोराला गॅदरिंगची तारीख विसरावीशी वाटली.

लेखकाचं मत विचारलं तर असं आहे की ऑपेरासाठी त्यानं मुंबईला किंवा पणजीला कला अकादमीत जरूर चौकशी करावी, पण तिथंही कोणी बाई पियानोपाशी बसून हेच विचारतील. इटालियन भाषेत विचारतील, फी निराळी घेतील. स्वर न कापता सरळ धरायचा की कंप द्यायचा, आकार उघडा ठेवायचा की गोल करायचा, यावर मिरज आणि मिलान यांचं जमणार नाही. एका गळ्यावर दोन्ही कलमं करायला गेलं की झाड कुठल्याच हंगामात फळत नाही. मात्र खाली उतरा, श्वास मोजा, ओरडू नका, झोपा वेळेवर, यावर दोघांचं शंभर टक्के एकमत. ज्या शिक्षणानं चौथ्या गाण्याला आईचं ज्येष्ठमध लागणार नाही, ते कुठल्याही भाषेत घ्यावं. ज्या शिक्षणानं ती घरघरच नाहीशी होईल, तिथून लवकर निघावं.

शिवाय सांगलीनं आणखी एक दाखला देऊन ठेवलाय आणि तो आत्यानं मुद्दाम जेवणानंतरसाठी राखला होता. दीनानाथांची मुलगी, १९३३ च्या सप्टेंबरात सांगलीत जन्मलेली. बळवंत संगीत मंडळीच्या तालमी पाळण्यातून कानावर पडलेल्या. तिनं नाट्यपदं गायली, अली अकबर खाँबरोबर बंदिशींचा अल्बम केला, १९९१ साली बॉय जॉर्जबरोबर गायली, २००५ साली क्रोनॉस क्वार्टेटबरोबर. एका इंग्रजी बँडनं तर १९९७ साली तिच्यावरच गाणं केलं आणि ते इंग्लंडात तुफान चाललं. ‘आशाबाईंना कोणी विचारलं होतं का, तुम्ही रॉक की ऑपेरा?’ आत्या म्हणाली. ‘गळा तयार होता. ज्यानं जे मागितलं ते दिलं.’

‘पण त्या आशाबाई होत्या, आत्या.’

‘हं,’ आत्या म्हणाली. ‘तेवढा फरक राहणार.’

परतीला महाराष्ट्र एक्स्प्रेस मिळाली. खिडकीची जागा, मांडीवर आत्यानं दिलेली भडंगाची पिशवी. बंदी उद्यापासून होती आणि उद्या अजून लांब होता. किर्लोस्करवाडी गेल्यावर त्यानं हळूच काळी एकचा सा धरला आणि बुवांनी सांगितल्याप्रमाणं खाली उतरायला लागला. नी. ध. प. पंचमाच्या खाली आवाज नव्हता, नुसती हवा आणि छातीत कुठंतरी गुरगुर. तो डोळे मिटून तिथंच थांबला. कराडला चढलेल्या समोरच्या आजी बराच वेळ बघत होत्या. शेवटी त्यांनी पुढं वाकून त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

‘पोटात दुखतंय का रं बाळा? ओवा हाय माझ्याकडं.’

त्यानं चिमूटभर घेतला.